चरबीचा आकडा येतो कुठून?

मंडळी, जिवंत माणसाची चरबी थेट कुणीच मोजत नाही. तशी मोजायची तर शवविच्छेदनच करावं लागेल. आपण मोजतो ते दुसरंच काहीतरी: घनता, विजेला होणारा अडथळा, क्ष-किरणांचं शोषण, नाहीतर कातडीच्या घडीची जाडी. मग सूत्र लावून चरबीचा अंदाज काढतो. यंत्रावर २१.४ टक्के असं दिसलं की त्या दशांशामुळे आकडा उगाच भरवशाचा वाटतो.

हे २१.४ कसं निघतं बघा. पाण्यात बुडवून वजन केलं की शरीराची घनता कळते. सिरी या संशोधकाचं १९६१ चं सूत्र सांगतं: ४९५ ला घनतेनं भागा आणि ४५० वजा करा. घनता १.०५ (ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर) असेल तर उत्तर २१.४. पण यात गृहीत धरलंय की चरबी सोडून बाकी शरीराची घनता सगळ्यांची १.१ च असते. हाडं दाट असलेल्या, सडपातळ खेळाडूची घनता १.१०५ भरली, तर हेच सूत्र उणे २ टक्के चरबी दाखवतं! शिवाय श्वास पूर्ण सोडल्यावरही फुप्फुसात हवा उरते. तिचा हिशोब १०० मिलिलिटरनं चुकला, तर ७० किलोच्या माणसाच्या उत्तरात ०.७ टक्क्याचा फरक पडतो.

चरबी दाखवणाऱ्या घरच्या वजनकाट्याचं गणित वेगळं. तो अगदी थोडी वीज एका पायातून वर नेतो आणि दुसऱ्यातून खाली आणतो. कमरेच्या वरचं जवळजवळ सगळं तो उंची, वय, लिंग यांवरून ताडतो. काट्यावर चढण्याआधी अर्धा लिटर पाणी प्या. वजन अर्धा किलो वाढेल, पण पोटातल्या पाण्यानं विजेचा अडथळा लगेच फारसा बदलत नाही. काटा अडथळ्यावरून चरबी नसलेला भाग काढतो आणि उरलेलं वजन चरबी धरतो, म्हणून तो ते पाणी चरबीच्या खात्यात टाकतो: २० चे साधारण २०.५ टक्के. व्यायामानंतर कातडी गरम असताना उभे राहिलात तर उलट होतं, चरबी कमी दिसते. म्हणून सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, काही न खाता-पिता, कोरड्या पायांनी मोजा. पेसमेकर असेल तर हा काटा वापरूच नका.

डेक्सा स्कॅन, म्हणजे क्ष-किरणांच्या शोषणावरून चरबी काढणारी तपासणी, यांपेक्षा चांगला, पण त्यालाही देव मानू नका. चित्रात जिथे हाड आडवं येतं, तिथली चरबी तो शेजारच्या भागावरून ठरवतो. यंत्र बदललं की आकडाही बदलतो.

माझ्या मते सर्वांत कमी लेखलं जाणारं साधन म्हणजे स्किनफोल्ड कॅलिपर, कातडीच्या घडीची जाडी मोजणारा चिमटा. दंडाच्या मागच्या बाजूचं माप घ्यायचं तर खांद्याच्या हाडाचं टोक आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मध्यावर पेनानं खूण करा. हात सैल सोडायला सांगा. खुणेच्या एक सेंटिमीटर वर अंगठा आणि तर्जनीनं उभी घडी उचला. स्नायू चिमटीत आला तर माप फुगतं. कॅलिपर खुणेवर लावा, चिमूट सोडू नका आणि दोन सेकंदांनी वाचा. जास्त थांबलात तर कातडीखालचा थर दबतो आणि आकडा घसरत जातो. त्याच जागी लगोलग दुसरं माप घेऊ नका. बाकीच्या जागा करून परत या. दोन मापांत एक मिलिमीटरहून जास्त तफावत आली तर तिसरं घ्या आणि मधलं धरा.

इथेही टक्क्यात उतरवताना तीन-चार टक्क्यांची चूक सहज शिरते. ७० किलोला तीन टक्के म्हणजे दोन किलोहून जास्त चरबी! एक किलो खरोखर घटली तरी त्या चुकीत बुडून जाईल. म्हणून टक्के काढूच नका. चार जागांच्या मिलिमीटरची बेरीज वहीत लिहा. तोच कॅलिपर, तोच मोजणारा, त्याच खुणा ठेवून महिन्याभरात बेरीज ६२ वरून ५४ वर आली, तर तिथे सूत्राची मखलाशी नाही, घडी खरोखर पातळ झालेली आहे.