ज. वि. ना. ते ना. वि. ज.

[दृश्य: टेबल, रेघी कागद, शाईचं पेन. लिहिणारा हात. चेहरा दिसत नाही.]

हे दृश्य आम्ही पुन्हा उभं केलं आहे. हा हात कथा लिहीत नाहीये, उतरवून काढतोय. कथा आधीच लिहून झाली आहे, पण ज्या अक्षरात ती लिहिली आहे ते अक्षर कुणीतरी ओळखेल अशी धास्ती आहे.

साल १९७४. मराठी विज्ञान परिषदेनं विज्ञानकथांची स्पर्धा ठेवली होती. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करणाऱ्या एका खगोलशास्त्रज्ञाला तिच्यात भाग घ्यायचा होता. घ्यायचा होता, पण नाव आडवं येत होतं. केंब्रिजचा रँग्लर, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या वर्गात आलेला, ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉएल यांचा शिष्य, वयाच्या सव्विसाव्या वर्षी पद्मभूषण. अशा माणसाच्या कथेला परीक्षक नाही कसं म्हणणार? आणि ‘हो’ म्हटलं, तरी ते कथेला म्हटलं की नावाला, हे कळणार कसं?

कथा सुरू झाली होती अहमदाबादला, एका परिसंवादात. व्यासपीठावरचं व्याख्यान रटाळ चाललं होतं. अशा वेळी काही जण डुलक्या घेतात, काही जण वहीच्या समासात फुलं काढतात. जयंत विष्णू नारळीकरांनी समोरच्या कागदावर गोष्ट लिहायला घेतली. गोष्टीचं नाव ‘कृष्णविवर’.

[दृश्य: पाटीवर खडूनं तीन अक्षरं. ज, वि, ना. हात ती पुसतो, उलट क्रमानं लिहितो.]

ज. वि. ना. उलटं केलं. ना. वि. ज. त्यावरून नाव तयार झालं, नारायण विनायक जगताप. राहिला प्रश्न अक्षराचा. ती नक्कल त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी केली. त्या स्वतः गणिती, त्यामुळे उतरवताना कुठं आकडा चुकण्याची भीती नव्हती, असं आपलं आम्हाला वाटतं.

जगतापांच्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. मग जगताप कोण, तेही कळलं.

[दृश्य: पारदर्शक प्लॅस्टिकची लांब पट्टी, कात्री, चिकटपट्टी.]

आता ही पट्टी पाहा. हिची दोन टोकं सरळ जोडली तर बांगडी होते. आतली बाजू वेगळी, बाहेरची वेगळी. पण जोडण्याआधी एका टोकाला अर्धा पीळ दिला, तर आत-बाहेर हा भेदच उरत नाही. बोट ठेवून निघालात की न उचलता सगळ्या पट्टीवरून फिरून येता. गणितात हिला मोबियसची पट्टी म्हणतात.

[दृश्य: पट्टीवर डाव्या पंजाची आकृती. ती हळूहळू पट्टीवरून सरकते. कॅमेरा तिच्याबरोबर.]

आम्ही या पट्टीवर डावा पंजा काढला आहे. तो कुठेही न उचलता, न उलटता पुढं सरकवत नेऊ. अंगठ्याकडे लक्ष ठेवा. एक फेरी पूर्ण झाली, आणि पंजा उजवा झाला. आणखी एक फेरी मारली की पुन्हा डावा. पट्टीवर राहणाऱ्या एखाद्या चपट्या प्राण्याला हा चमत्कार वाटेल. आपल्याला वाटत नाही, कारण पीळ आपल्याला दिसतो. तो पीळ तिसऱ्या मितीतला आहे.

मग आपल्या त्रिमितीय जगालाच चौथ्या मितीत कुठंतरी असा पीळ असेल तर? त्यातून फेरी मारून आलेल्या वस्तूचं काय होईल?

[दृश्य: शाडूची गणेशमूर्ती, सोंड डावीकडे. आरशात तीच मूर्ती.]

‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही कथा या प्रश्नावर उभी आहे. मूर्तीची सोंड डावीकडून उजवीकडे जाते. क्रिकेटच्या मैदानावर उजव्या हाताचा गोलंदाज डाव्या हातानं चेंडू टाकू लागतो आणि फलंदाजांची दाणादाण उडते. उजव्या सोंडेचा गणपती कडक, त्याचं सोवळंओवळं सांभाळावं लागतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. नारळीकरांनी त्याच देव्हाऱ्यात मोबियसची पट्टी नेऊन ठेवली. देवाची टिंगल नाही, विज्ञानाचं प्रवचनही नाही. मराठी समीक्षेनं या युक्तीकडे जेवढं पाहायला हवं होतं तेवढं पाहिलं नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. ‘बालवाङ्मय’ म्हणून बाजूला ठेवणं सोपं असतं.

त्यांची पात्रं पुसट असतात, संवादांतून माहिती डोकावते, हा आक्षेप मात्र काही कथांपुरता खरा आहे. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

[दृश्य: मुंबई, एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्या. सकाळ. पायऱ्यांवर कबुतरं, मागे खांबांची रांग.]

या पायऱ्या चढून प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे आत गेले. गायतोंडे इतिहासकार, आणि ते फक्त ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत आहेत. पुण्याहून जिजामाता एक्स्प्रेसनं ते मुंबईला येतात, आणि पाहतात तर मुंबई वेगळीच. युनियन जॅक फडकतोय, ईस्ट इंडिया कंपनी अजून धंदा करतेय. इतिहासकाराला असं काही दिसलं तर तो पोलिसांकडे जात नाही, ग्रंथालयात जातो.

[दृश्य: जुन्या ग्रंथांची कपाटं. पानं उलटणारी बोटं.]

तिथं ते स्वतःच लिहिलेला इतिहास उघडतात. एकेक खंड ओळखीचा. पाचव्या खंडात गाडी रूळ बदलते. १४ जानेवारी १७६१, पानिपत. आपल्या इतिहासात विश्वासरावांना गोळी लागली. या पुस्तकात ती कानाला चाटून गेली. विश्वासराव वाचले, मराठे जिंकले, आणि तिथून पुढचं सगळं निराळं घडत गेलं.

शेवटी कथेत एक शास्त्रज्ञ मित्र या घोटाळ्याची उकल सांगतो. तिला आधार पुंजभौतिकीचा, म्हणजे क्वांटम फिजिक्सचा आहे. इलेक्ट्रॉन नेमका कुठल्या वाटेनं जाईल हे आधी सांगता येत नाही, फक्त शक्यता सांगता येतात. प्रत्येक शक्यतेचं स्वतंत्र जग असेल, तर गंगाधरपंत एका जगातून दुसऱ्यात घसरले, एवढंच. आणि पुरावा? खिशात राहिलेलं त्या जगातल्या बखरीचं एक फाटकं पान.

[दृश्य: रिकामं सभागृह. व्यासपीठावर टेबल आणि एक रिकामी खुर्ची. कॅमेरा खुर्चीवर थांबतो.]

याच कथेतली एक गंमत. गंगाधरपंतांना अध्यक्षस्थान भूषवण्याची सवय. आझाद मैदानावर एक व्याख्यान चाललेलं दिसतं, आणि अध्यक्षांची खुर्ची रिकामी! त्यांना राहवत नाही. ते चढतात, बसतात, बोलू लागतात. त्या जगातल्या लोकांनी अध्यक्षीय भाषणं केव्हाच मोडीत काढलेली. लोक टोमॅटो आणि अंडी फेकतात. मराठी सभा जवळून पाहिलेल्या माणसालाच हे सुचू शकतं.

पुढं २०२१ मध्ये नाशिकच्या ९४व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष नारळीकर झाले. तब्येतीमुळे त्यांना तिथं जाता आलं नाही.

[दृश्य: कपाटातली पुस्तकं. कॅमेरा पाठींवरून सरकतो.]

‘यक्षांची देणगी’. ‘अंतराळातील भस्मासुर’. ‘प्रेषित’. ‘वामन परत न आला’. ‘व्हायरस’. ‘अभयारण्य’. नावंच पाहा. यक्ष, भस्मासुर, वामन. माल थेट खगोलशास्त्राचा, पण गोण आपल्या घरची. त्यांचे गुरू हॉएल यांनीही १९५७ मध्ये ‘द ब्लॅक क्लाउड’ ही कादंबरी लिहिली होती, त्यामुळे शास्त्रज्ञानं गोष्ट लिहिणं हा हलका उद्योग आहे, असं या शिष्याला कधी वाटलं नसावं. ‘हिमप्रलय’मध्ये मुंबईत बर्फ पडतो. तो आम्हाला दाखवता येत नाही. कल्पना करा.

[दृश्य: पुणे, आयुकाचं आवार. आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइनस्टाइन यांचे पुतळे. मग फुकोचा लंबक, संथ झोका.]

१९८८ मध्ये पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी राहिली. नारळीकर तिचे संस्थापक संचालक. इमारत वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांची. शाळेतली मुलं इथं येतात ती आधी पुतळ्यांशी फोटो काढतात, आणि मग या लंबकापाशी रेंगाळतात. लंबकाच्या झोक्याची दिशा हळूहळू वळताना दिसते. वळत असते ती खालची जमीन, पृथ्वीबरोबर.

गायतोंड्यांची गोष्ट इंग्रजीतून देशभरातल्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात गेली, आत्मचरित्राला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, २० मे २०२५ रोजी पुण्यात नारळीकर गेले.

[दृश्य: टेबलावर पसरलेली पोस्टकार्डं. नावं आणि पत्ते झाकलेले.]

व्याख्यान संपलं की मुलं सहीसाठी वही पुढं करायची. नारळीकर वहीत सही देत नसत. विज्ञानातला एखादा प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठवा, म्हणायचे, उत्तर पाठवीन, त्यावर सही असेल. मग पोस्टकार्डं यायची आणि उत्तरं जायची. १९७४ मध्ये परीक्षकांपासून जपून ठेवलेला त्यांचा हात खाली सही करायचा. ज. वि. ना., सरळ क्रमानं.

[दृश्य: एक पोस्टकार्ड जवळून. सही. इथं निवेदन नाही, संगीत नाही.]