कारवारच्या समुद्रावरची 40 मिनिटं

रत्नागिरीचं मिरकरवाडा बंदर. रात्री गेलेल्या नौका धक्क्याला लागताहेत. बर्फ फुटतोय, टोपल्या उतरताहेत. नाळेवर, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकावर, रंगवलेला हा नोंदणी क्रमांक बघा, आयएनडी एमएच. तो आता वरूनही टिपता येतो. जानेवारी 2025 पासून मत्स्यव्यवसाय विभाग किनाऱ्यावरच्या 9 ठिकाणांहून ड्रोन उडवतो, त्यातलं हे एक. एलईडीचे प्रखर दिवे लावून चोरटी मासेमारी करणाऱ्यांवर नजर ठेवण्यासाठी.

हे ड्रोन किनाऱ्यालगतचे. कोकणाला खरी धास्ती असते ती त्यापलीकडच्या पाण्याची. 1993 साली आरडीएक्स उतरलं, ते श्रीवर्धनजवळच्या या शेखाडीला. 2008 साली मुंबईवर हल्ला करणारे ‘कुबेर’ नावाच्या ट्रॉलरवरून आले. म्हणून पाळत हवी ती दूर, खोल समुद्रात, तासन् तास.

आता हे विमान पाहा. तपस. डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेच्या बंगळुरूच्या प्रयोगशाळेनं घडवलेलं. पंखांचा पसारा 20.6 मीटर, प्रत्येक पंखावर एक इंजिन. वैमानिकाची जागाच नाही, पोटाखाली कॅमेरा.

16 जून 2023. सह्याद्रीच्या पलीकडे, चित्रदुर्गच्या धावपट्टीवरून तपस उठलं आणि समुद्राकडे वळलं. कारवारच्या तळापासून 148 किलोमीटरवर नौदलाची ‘सुभद्रा’ उभी होती. विमान 20,000 फुटांवर असताना जमिनीवरच्या केंद्रानं त्याचा ताबा सोडला आणि जहाजानं घेतला. 40 मिनिटं तपस सुभद्रेच्या हुकमात उडालं, मग परत जाऊन चित्रदुर्गला उतरलं.

याचं मोल समजून घ्यायला हवं. रेडिओ लहरी सरळ जातात, पृथ्वी मात्र वळते. जहाजाच्या डोलकाठीवरून क्षितिज जेमतेम काही मैलांवर. 20,000 फुटांवरून तेच सव्वातीनशे किलोमीटरपर्यंत लांबतं. आणि ताबा जहाजाकडे असला की जहाज जिथवर जाईल, त्याच्याही पुढे विमानाची नजर पोचते. तटरक्षक दलाला, नौदलाला आणखी काय हवं?

इथवरची वाट सोपी नव्हती. याच्या आधीचं विमान, रुस्तम-1, नोव्हेंबर 2009 मध्ये होसूरला पहिल्याच उड्डाणात उतरताना कोसळलं. वर्षभरानं, ऑक्टोबर 2010 मध्ये, तेच नाव पुन्हा आकाशात गेलं. नाव प्रा. रुस्तम दमानियांचं. हलकी विमानं भारतात बनावीत म्हणून झटलेला हा माणूस. त्यांच्याच चमूनं घडवलेल्या हलक्या विमानावर ते बेतलं होतं. मग 2016 मध्ये रुस्तम-2, म्हणजेच आजचं तपस.

सैन्यदलांची अट होती 30,000 फूट आणि सलग 24 तास. तपस 28,000 फूट आणि 18 तासांपर्यंत पोचलं. 2024 च्या सुरुवातीला त्याला अग्रक्रमाच्या प्रकल्पांतून वगळण्यात आलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात 31 अमेरिकी एमक्यू-9बी या वैमानिकरहित विमानांचा करार झाला, त्यातली 15 नौदलाची. ती शस्त्रंही वाहतील. ती कोणावर आणि कोणाच्या हुकमानं डागायची, याचे नियम व्हायला हवेत.

आमचं म्हणणं एवढंच, की 28,000 फुटांपर्यंत चढलेलं आपलं विमान 2,000 फुटांसाठी मागे पडू नये. त्याच चित्रदुर्गला, डिसेंबर 2023 मध्ये, डीआरडीओचंच हे दुसरं, शेपूट नसलेलं विमान जमिनीवरच्या रडारशिवाय आणि वैमानिकाशिवाय आपलं आपण उतरलं. ‘घातक’ या वैमानिकरहित लढाऊ विमानाची ही पूर्वतयारी. हात तेच आहेत, धावपट्टी तीच आहे. तपसला आणखी वेळ द्या, आणि पुढच्या चाचण्या कोकणच्या समुद्रावर, पावसाळी वाऱ्यात होऊ द्या.