रात्री दात कोण खातं?

नमस्कार श्रोतेहो. मी दातांची डॉक्टर. ‘मानसिक ताण आणि आरोग्य’ या विषयावर मी बोलणार म्हटल्यावर आमच्याच घरात प्रश्न आला, “तू? ताणावर?” तर त्याचं असं आहे, माणूस तोंडानं म्हणतो, “मला कसलं टेन्शन,” आणि त्याच तोंडात दाढा झिजून सपाट झालेल्या असतात. मला दोन्ही दिसतं.

एक गृहस्थ आले होते. त्यांना आपण भाऊ म्हणू. वय बावन्न-त्रेपन्न, एका पतसंस्थेत काउंटरवर. सोबत वहिनी. भाऊ खुर्चीत बसले आणि म्हणाले, “मॅडम, दाढ काढून टाका. फार ठणकते.” कुठली दाढ? तर बोट कानापासून हनुवटीपर्यंत फिरवलं. म्हटलं, एवढ्या काढल्या तर भाकरी कशानं खाल?

वहिनी म्हणाल्या, “अहो, दाढ नाही, जंत आहेत. रात्रभर दात खातात. मी तीनदा औषध दिलं यांना जंताचं.”

आता हे तुमच्याही घरात चालत असणार. पोर झोपेत दात खायला लागलं की आजी जंताच्या औषधाची बाटली काढते. त्या दोन गोष्टींचा संबंध सिद्ध झालेला नाही. पण इथे बावन्न वर्षांच्या माणसाला, तेही तीनदा!

तोंडात बघितलं. कीड नाही. एक्स-रे स्वच्छ. पण दाढांचे उंचवटे गेलेले, जुन्या वाड्याच्या उंबरठ्यासारखे गुळगुळीत. जिभेच्या कडेला, करंजी कातण्यानं कापावी तशी, दातांची नक्षी उमटलेली. गालावर हात ठेवून म्हटलं, दात आवळा. जबड्याचा स्नायू सुपारीसारखा टणक.

“कधीपासून दुखतंय?” “दिवाळीपासून.” “काही काळजी वगैरे?” “छे, मला कसली काळजी?” वहिनी छताच्या पंख्याकडे बघत होत्या.

“झोप?” “झोप उत्तम. साडेतीनला जाग येते, तेवढंच.” “मग पुढे?” “मग हिशोब करतो.”

हे ‘हिशोब करतो’ त्यांच्या तोंडून निसटलं. मी विचारलं, “पहाटे साडेतीनला कसला हिशोब?” भाऊ गप्प. वहिनी म्हणाल्या, “मार्च एंडिंगचं काम आहे म्हणाले होते मला.” म्हटलं, “वहिनी, दिवाळीत मार्च एंडिंग?”

मग सगळं बाहेर आलं. संस्था अडचणीत. ठेवी परत मिळेनात. भाऊंच्या शब्दावर आळीतल्या सात-आठ घरांनी पैसे ठेवलेले. लोक काउंटरवर विचारत, नंतर दारात येऊन विचारू लागले. भाऊ पहाटे पडल्या पडल्या कुणाचे किती याची बेरीज करत आणि घरात चकार शब्द काढत नसत. (जाता जाता सांगते, या संस्थांच्या वार्षिक सभेत वडा आणि चहा वेळेवर मिळतो, ताळेबंद मात्र कुणी वाचत नाही. आपणही वडा खाऊन घरी येतो. असो.)

भाऊंना मी रात्री दातांवर घालायची प्लेट करून दिली. प्लेटनं दात वाचतात, ताण जात नाही, हेही सांगितलं. शेजारच्या डॉक्टरांकडे पाठवलं, तर रक्तदाब १६० वर १००. त्यांना पत्ताच नव्हता. दाढ दुखली म्हणून रक्तदाब सापडला!

शरीरात काय होतं, ते थोडक्यात. मूत्रपिंडांच्या टोकावर दोन छोट्या ग्रंथी आहेत. अंगावर बैल धावून आला की त्या अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल सोडतात. छाती धडधडते, रक्तदाब चढतो, रक्तात साखर वाढते, स्नायू आवळले जातात. बैल गेला की सगळं खाली बसतं. भाऊंचा बैल दिवाळीपासून दारातच उभा होता.

तर खुणा लक्षात ठेवा. सकाळी उठल्यावर कानशिलं आणि जबडा दुखणं. पहाटे जाग येऊन परत झोप न लागणं. मान-खांदे आखडणं. भूक मरणं, नाहीतर उगाच सारखं खाणं. पोरांवर विनाकारण खेकसणं. मधुमेह असेल तर, पथ्य पाळूनही साखर हलणं. पुन्हा सांगते: जबडा, झोप, मान, भूक, चिडचिड.

आत्ता ऐकता ऐकता बघा, तुमचे वरचे-खालचे दात एकमेकांवर टेकलेत का? टेकले असतील तर सोडा. ओठ मिटलेले, दात सुटे. दात फक्त चावताना-गिळताना भेटायचे, एरवी नाही. ओठ मिटलेले, दात सुटे. आणि ब्रश मऊ घ्या. दात म्हणजे काही तांब्याचा हंडा नव्हे, कडक ब्रशनं घासून चकचकीत करायला. याचा ताणाशी संबंध नाही, पण माईक समोर आहे तर सांगून घेते.

सगळंच ताणावर ढकलू नका मात्र. पोटातला अल्सर म्हणजे काळजीचा आजार, असंच पूर्वी धरून चालत. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये जिवाणू मिसळलेलं द्रव स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली, आणि २००५ मध्ये त्यांना रॉबिन वॉरन यांच्यासोबत नोबेल मिळालं. तसंच जबड्याचं. दुखणं छातीतून जबड्यात किंवा हातात येत असेल, दरदरून घाम असेल, श्वास लागत असेल, तर टेन्शन म्हणून झोपू नका. माझ्याकडेही येऊ नका. थेट दवाखाना, हृदयासाठी.

आणि मन मोकळं करायला घरात कुणी नसेल तर सरकारची टेलि-मानस सेवा आहे. फोन नंबर १४४१६. एक-चार-चार-एक-सहा. दिवसरात्र, फुकट, मराठीतून बोलता येतं.

समोरच्या काचेतून बोट वर झालंय, म्हणजे वेळ संपली. भाऊंचं राहिलं. ठेवी अजून सगळ्या परत मिळालेल्या नाहीत. पण पहाटेची बेरीज आता वहिनी रात्री जेवणानंतर त्यांच्यासोबत वहीत करतात. परवा बाजारात भेटल्या. म्हणाल्या, “प्लेट घालतात हो, पण सकाळी कुठे ठेवली ते मलाच शोधावं लागतं. आणि मॅडम, ते जंताचं औषध मी घेऊन बघू का? हल्ली मीच दात खाते, असं हे म्हणतात.”

नमस्कार.