चहाचे डाग पडलेल्या वह्या

ही काळ्या कव्हरची वही बघा. कव्हरवर दोन अक्षरं चिकटवलीयत, जुन्या जर्मन वळणाची. ए एच असायला हवं, अडॉल्फ हिटलर. पण नीट बघितलं तर आहे एफ एच. आता ते वळण किचकट असतं हे मान्य, पण किती जणांच्या हातातून गेली ही वही, आणि कुणाचंच काही अडलं नाही.

25 एप्रिल 1983. पश्चिम जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये श्टर्न साप्ताहिकाची प्रेस कॉन्फरन्स, कॅमेऱ्यांची ही गर्दी. म्हणे हिटलरच्या डायऱ्या सापडल्या, जवळपास 60 वह्या, आणि त्यासाठी साप्ताहिकाने 90 लाखांहून जास्त मार्क (तेव्हाचं जर्मन चलन) मोजलेले. वह्या आणल्या त्यांच्याच रिपोर्टरने, गेर्ड हायडेमानने. त्याला त्या विकल्या श्टुटगार्टच्या कोनराड कुयाऊने. आणि लिहिल्याही त्यानेच, बसून, एकेक करत, वर कागद जुना दिसावा म्हणून पानांवर चहा ओतला.

मग लोक फसले कसे? अहो, सगळंच खोटं नव्हतं ना. एप्रिल 1945 मध्ये बर्लिनहून निघालेलं एक विमान ड्रेस्डेनजवळच्या गावात खरंच पडलं होतं, आणि वह्या म्हणे त्यातच होत्या. हायडेमान स्वतः तिथे गेला, मेलेल्यांच्या कबरी बघून आला. कबरी खऱ्या, म्हणजे वह्याही खऱ्या, असं तो धरून चालला, आणि इथेच गाडी रूळावरून घसरली कारण विमान पडलं याने त्यात वह्या होत्या हे कुठे सिद्ध होतं?

पण माझ्या मते खरी मेख हस्ताक्षराच्या तपासणीत आहे. एक्स्पर्ट साधेसुधे नव्हते, आणि त्यांनी सांगितलं की वह्यांतलं आणि नमुन्यातलं हस्ताक्षर एकाच माणसाचं. ते चुकले नव्हते हो! फक्त ताडून बघायला त्यांना "हे हिटलरचं अस्सल अक्षर" म्हणून जे कागद दिले, त्यातले काही कुयाऊनेच बनवलेले होते. म्हणजे चोराच्या ओळखीला चोराचीच साक्ष.

नंतर झुरिकच्या बँकेत ह्यू ट्रेव्हर-रोपरना बोलावलं. हिटलरच्या मृत्यूचा तपास केलेला इतिहासकार, नाव मोठं. त्यांना सांगितलं गेलं की कागद तपासलाय, जुनाच आहे, आणि समोर वह्यांचा ढीग. एवढं सगळं खोटं कोण कशाला लिहीत बसेल? त्यांनी होकार दिला. साप्ताहिकाला वाटलं इतिहासकार आहेत ना, इतिहासकाराला वाटलं कागद तपासलाय ना, आणि बातमी फुटू नये म्हणून सगळं इतकं गुपित ठेवलेलं की ज्याने चार आडवेतिडवे प्रश्न विचारले असते त्याच्यापर्यंत हे पोचलंच नाही. त्या प्रेस कॉन्फरन्समध्ये ट्रेव्हर-रोपर सगळ्यांसमोर कचरायला लागले, पण तोवर उशीर झाला होता.

दोन आठवड्यांच्या आत, 6 मेला, निकाल लागला. कुणाच्या शब्दावर नाही, कागदावरच. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात एक केमिकल घालतात, अल्ट्राव्हायोलेट प्रकाशात ते चमकतं, आणि ते कागदात वापरायला लागले युद्ध संपल्यावर. वह्या शिवलेल्या दोऱ्यात पॉलिएस्टर निघालं, तेही युद्धानंतरचंच. मजकूर बराचसा हिटलरच्या भाषणांच्या एका छापील संग्रहातून उचललेला, त्यातल्या चुकांसकट. यातली कागदाची टेस्ट काही अवघड नव्हती, पैसे मोजायच्या आधी झाली असती तरी चाललं असतं.

1985 मध्ये हायडेमान आणि कुयाऊ दोघांनाही चार वर्षांच्या वर शिक्षा झाली. कुयाऊ सुटून आला आणि उघडपणे नकला विकायला लागला, मोठ्या चित्रकारांची चित्रं, खाली स्वतःची सही. लोक घ्यायचेही हौसेने. आणि पुढे मार्केटमध्ये कुयाऊच्या नावाच्या अशा नकला आल्या ज्या कुयाऊने केलेल्याच नव्हत्या.