फॉर्म सुटायच्या आधीची कामं

नमस्कार श्रोतेहो.

बारावीचा निकाल लागतो, पेढे वाटून होतात आणि दुसऱ्या दिवशी घरात हिशोब सुरू होतो. फी किती, मेस किती, पोराला पुण्याला ठेवायचं तर खोलीचं भाडं किती. त्यात कुणीतरी म्हणतं, ‘अहो, स्कॉलरशिप मिळते की, बघू पुढं.’ हे ‘बघू पुढं’च नडतं. कॉलेजात शिष्यवृत्तीच्या टेबलावर मी बरीच वर्षं बसतोय, त्यावरून सांगतो. मार्क कमी पडले म्हणून शिष्यवृत्ती हुकलेली पोरं थोडी, कागद वेळेत नव्हता म्हणून हुकलेली ढीगभर.

राज्य सरकारच्या बहुतेक योजनांचा अर्ज महाडीबीटी या एकाच वेबसाइटवर भरतात. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, तिला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर फ्रीशिप, म्हणजे फीची माफी असते, हे बऱ्याच घरांना माहीतच नसतं. खुल्या प्रवर्गासाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, आपण तिला सरळ ‘ईबीसी’ म्हणतो. मर्यादा ८ लाख आणि शिक्षण फी निम्मी. मात्र मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला की ही सवलत गेली. प्रवेशाच्या गडबडीत एजंट हे सांगत नाहीत, तेव्हा तुम्हीच विचारा.

मुलींसाठी २०२४-२५ पासून मोठा बदल झाला. ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. गावाकडं याचं ‘मुलींचं शिक्षण फुकट’ असं झालं. फुकट नाही. हॉस्टेल, मेस, बस, पुस्तकं हा खर्च आहेच, आणि पोरगी शहरात ठेवायची तर फीपेक्षा तोच जड जातो.

आता कागद. सगळ्यात जास्त अडतं ते उत्पन्नाच्या दाखल्यापाशी. तलाठ्याचा अहवाल, सेतूत अर्ज, मग तहसीलदारांची सही. निकालाच्या आधी हे काम निवांत होतं. निकालानंतर अख्खा तालुका त्याच दारात उभा असतो. दाखला कोणत्या वर्षाचा आहे तेही बघून घ्या, मागच्या वर्षीचा जुना दाखला जोडला की अर्ज परत.

इथं एक घोळ दरवर्षी होतो. समजा ओबीसी घर आहे, वडील शिक्षक. पोरानं नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे ओबीसी आरक्षणासाठी लागणारा दाखला, काढलाय आणि म्हणतो, ‘सर, म्हणजे आम्ही उत्पन्नात बसतो.’ तसं नसतं. नॉन-क्रिमीलेअर देताना पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. शिष्यवृत्तीला मात्र घरात येणारा सगळा पैसा धरतात, पगारासकट. त्यामुळं एका कागदावर बसणारं घर दुसऱ्यावर बसत नाही. दोन्ही कागद वेगळे, दोन्ही काढावे लागतात.

नावांचंही तेच. आधारवर ‘दत्तात्रय’, सातबाऱ्यावर ‘दत्तू’, पोराच्या दाखल्यावर ‘दत्तात्रेय’. घरी सगळ्यांना ठाऊक असतं की माणूस एकच, पण पडताळणी करणाऱ्याला ते कसं कळणार? सुट्टीत सगळे कागद एकदा जमिनीवर मांडा आणि अक्षर न् अक्षर जुळवा.

पैसे थेट खात्यात येतात म्हणतात, पण कोणत्या खात्यात? अर्जात तुम्ही लिहिलं त्यातच येतील असं नाही. विद्यार्थ्याचं आधार ज्या खात्याशी डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी, जोडलेलं आहे, तिथं ते जातात. पुष्कळदा ते निघतं शाळेत असताना उघडलेलं झिरो बॅलन्सचं खातं, ज्याचं पासबुक आजीच्या ट्रंकेत असतं आणि व्यवहार नाही म्हणून जे बंद पडलेलं असतं. बँकेत जाऊन ‘माझं आधार सीडिंग कुठं आहे’ एवढं विचारा. पाच मिनिटांचं काम आहे.

आणि पोरांनो, अर्ज कॅफेत भरा हवं तर, पण मोबाईल नंबर तुमचाच द्या. कॅफेवाला घाईत स्वतःचा नंबर टाकतो, पुढच्या वर्षी ओटीपी त्याच्याकडं जातो आणि तो दुकान हलवून गेलेला असतो. पासवर्ड वहीत लिहून ठेवा.

राहण्याखाण्याच्या खर्चासाठी वेगळ्या योजना आहेत. सरकारी वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेतून मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत वर्षाला ६० हजार, इतर महापालिका क्षेत्रांत ५१ हजार मिळतात. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयंम, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना, अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता. सरकारबाहेर बघायचं तर पुण्याची विद्यार्थी साहाय्यक समिती १९५५ पासून खेड्यातल्या मुलामुलींची कमी खर्चात राहण्याची सोय करते. विद्यापीठात ‘कमवा आणि शिका’ असते, तिथं काम करायला लाजू नका. कर्मवीर भाऊराव पाटलांनी त्यावरच पिढ्या उभ्या केल्या.

बारावीला बोर्डात वरच्या २० टक्क्यांत असाल आणि घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर केंद्राच्या नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर अर्ज करा. पदवीला वर्षाला १२ हजार मिळतात. मात्र एकाच वेळी दोन शिष्यवृत्त्या सहसा चालत नाहीत, तेव्हा आधी हिशोब करा, कोणती जास्त पडते.

कर्ज मी शेवटी सांगतो, कारण ते शेवटीच काढावं. पीएम विद्यालक्ष्मी योजनेत यादीतल्या संस्थेत गुणवत्तेवर प्रवेश मिळाला असेल तर तारण आणि जामीनदार लागत नाही. उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल आणि दुसरी शिष्यवृत्ती नसेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या काळात आणि पुढं एक वर्ष ३ टक्के व्याज सरकार भरतं. अट वाचून सही करा. १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर कोलंबियाला गेले ते सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. तिलाही अट होतीच, परत आल्यावर दहा वर्षं बडोद्याची नोकरी, तसा करार लिहून द्यावा लागला होता.

आणि पहिल्या वर्षी पैसे आले म्हणून गाफील राहू नका. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज पुन्हा भरावा लागतो, तोही मुदतीत. अर्ज भरल्यावर पंधरा दिवसांनी लॉगिन करून बघा. ‘परत पाठवला’ असं दिसलं तर घाबरू नका, खाली कारण लिहिलेलं असतं. ते वाचून, तो कागद घेऊन कॉलेजच्या शिष्यवृत्तीच्या टेबलावर या. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मात्र येऊ नका.

नमस्कार.