दम आधी येतो, पोटरी मागनं येते

(कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका हॉलमध्ये सायकलवाल्या आणि पळणाऱ्या मंडळींपुढं झालेलं बोलणं. बोलीतच ठेवलंय, फक्त खोकला आणि माईकची खरखर काढलीय.)

नमस्कार मंडळी. मागं उभं राहिलेल्यांनी पुढं या की, खुर्च्या रिकाम्याच आहेत. आणि जरा हात वर करा बघू, किती जणांनी काही वर्षांपूर्वी एखादी तरी ट्रायथलॉन, म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं सलग, केलेली आणि त्यानंतर सायकल गॅलरीत टॉवेल वाळत घालायला लावली? ...बाप रे, अर्धा हॉल. मग आजचं सगळं तुमच्यासाठी. नवीन पोरांनी पण ऐका, पण तुमचं दुखणं वेगळं आहे, तुम्हाला काही येत नसतं म्हणून तुम्ही हळू जाता आणि वाचता. ह्यांना सगळं येतंय, तीच तर पंचाईत आहे.

मी फिजिओ, आणि हौसेनं शर्यतीपण करतो. ब्रेक का झाला हे मी पेशंटला विचारतो पण त्यावर भाषण देत नाही. कुणाचं दुकान, कुणाची बदली, कुणाला जुळी झाली, कुणाचं घर २०१९ च्या पुरात पाण्याखाली गेलं आणि २०२१ ला परत गेलं, तिथं कुठलं पोहणं आणि कुठलं पळणं. अहो शर्यतींनीसुद्धा ब्रेक घेतलाय. गोव्याची आयर्नमॅन ७०.३, ती लांब पल्ल्याची ट्रायथलॉन, पहिल्यांदा झाली २०१९ ला, आपल्याकडनं सायकली गाड्यांवर बांधून माणसं गेलेली, मग कोरोनात बंद, ती परत झाली थेट २०२२ ला. त्यामुळं ब्रेक झाला म्हणून तोंड लपवायचं काही कारण नाही.

आणि परत येता येतं का, तर ह्याचं उत्तर शोधायला लांब कशाला जायचं, आपला कोल्हापूरचा पोहणारा वीरधवल खाडे आहे की. २००८ ला बीजिंग ऑलिंपिक, २०१० ला एशियन गेम्सला ५० मीटर बटरफ्लायमध्ये ब्राँझ, पोहण्यात भारताला २४ वर्षांनी मिळालेलं पदक होतं ते. मग सरकारी नोकरी, तहसीलदार, काही वर्षं सराव नावालाच. आणि तोच माणूस २०१८ ला जकार्ताच्या एशियन गेम्सच्या फायनलमध्ये ५० मीटर फ्रीस्टाईलला चौथा, ब्राँझ हुकलं ते सेकंदाच्या शंभराव्या भागानं. आता आपण काय वीरधवल नाही. पण नोकरी करून, पोट सुटून, परत वर येता येतं एवढं तरी कोल्हापूरकराला कुणी पटवून द्यायला नको.

तर मुद्द्याकडं. सराव थांबला की आत काय होतं? सगळ्यात आधी जातं ते रक्तातलं पाणी, म्हणजे प्लाझ्मा. दोनेक आठवड्यांतच तो घटतो, मग हृदय एका ठोक्याला कमी रक्त ढकलतं आणि तेवढंच काम करायला ठोके वाढवावे लागतात, म्हणून वाघबीळच्या चढाला पूर्वी १४५ दाखवणारं घड्याळ आता १७० दाखवतं आणि तुम्हाला वाटतं घड्याळ बिघडलं. १९८४ साली अमेरिकेत कॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चांगल्या तयारीच्या खेळाडूंना ८४ दिवस सराव बंद करायला लावून मोजलेलं. पहिल्या तीन आठवड्यांत व्हीओटू मॅक्स, म्हणजे अंग जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं तो आकडा, ७ टक्के उतरला, मग उतरत उतरत १६ टक्क्यांवर जाऊन थांबला. थांबला, बरं का. कधीच व्यायाम न केलेल्या माणसाच्या वरच राहिला. तुमचा ब्रेक ८४ दिवसांचा नाही, वर्षांचा आहे, त्यात वयाचाही वाटा जातो हे मान्य, पण सगळं धुऊन गेलंय असं समजू नका.

गंमत पुढं आहे. जे आधी जातं ते आधी परत पण येतं. नियमित घाम काढायला लागला की आठवड्या-दोन आठवड्यांत प्लाझ्मा वाढतो, ठोके खाली येतात, तिसऱ्या आठवड्यात रंकाळ्यावर पळताना एकदम हलकं हलकं वाटायला लागतं, गडी म्हणतो आलो की रं परत, नाद खुळा! आणि चौथ्या आठवड्यात माझ्या टेबलावर पालथा पडलेला असतो, पोटरी धरून.

कारण दमाचा हिशेब वेगळा आणि शिरांचा वेगळा. टाचेच्या मागं पोटरीला हाडाशी बांधणारी ती जाड शीर असते ना, रक्ताची नव्हे, ॲकिलीस टेंडन, हात लावून बघा आत्ता बसल्या बसल्या, दोरीसारखी लागेल. तिला रक्तपुरवठा कमी, त्यामुळं ती बदलते पण फार सावकाश. डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१३ ला एक भारी काम छापलं. १९५५ ते १९६३ मध्ये जे अणुबॉम्बचे स्फोट झाले त्यानं हवेतला कार्बन-१४ वाढलेला, तो अन्नातनं सगळ्यांच्या अंगात गेला, कुठल्या वर्षी किती होता ते माहीत आहे, तर त्यावरनं ह्या लोकांनी टेंडनच्या गाभ्याचं वय काढलं. निघालं काय, तर तो गाभा आयुष्याच्या पहिल्या सतराएक वर्षांत तयार होतो आणि नंतर जवळपास बदलतच नाही. म्हणजे पंचेचाळीशीत तुम्ही ज्या शिरेवर पळताय ती कॉलेजला जाताना जी होती तीच. पळताना तिच्यावर वजनाच्या सहा पट आणि त्याच्याही वर ताण येतो. पंचाहत्तर किलोचा माणूस धरला तर साडेचार क्विंटल, एका पावलाला. आणि ब्रेकमध्ये वजन आठ-दहा किलो वाढलं असेल तर ते पण सहानं गुणा. गुणलं? हां.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, बाकी सगळं मी त्याच्यासाठीच बोलतोय: परत येणाऱ्यानं पळण्याचा वेग फुफ्फुसाला विचारून ठरवू नये, पोटरीला विचारून ठरवावा. तालमीत वर्षभरानं परत आलेल्या पैलवानाला वस्ताद पहिल्या दिवशी कुस्ती धरू देत नाही, आधी माती उकरायला लावतो, मग जोर-बैठका, पैलवान कितीही नावाजलेला असू दे. तुमच्याकडं वस्ताद नाही, मोबाईलमधलं ॲप आहे, आणि ते तुमचा सात वर्षांपूर्वीचा १० किलोमीटरचा टायमिंग रोज डोळ्यासमोर नाचवतं. ते ॲप पुसून टाका किंवा नवीन अकाऊंट काढा, मी सिरियसली सांगतोय.

पोटरीला विचारायचं कसं? जिन्याच्या पायरीवर उभं राहा, पंजा पायरीवर, टाच बाहेर, एका पायावर. भिंतीला बोट लावा तोल जाऊ नये म्हणून, पण जोर द्यायचा नाही. टाच पूर्ण वर, मग सावकाश खाली. असं किती जमतं ते मोजा, दोन्ही पायांचं वेगळं. पंचवीसच्या आसपास नीट जमायला पाहिजे. बऱ्याच जणांचं बारा-तेराला गुडघा वाकायला लागतो, टाच अर्ध्यावरनंच खाली येते, आणि तरी आकडा मोजत राहतात. ते धरायचं नाही. जमत नसेल तर हाच व्यायाम, एक दिवसाआड, नंतर पाठीवर सॅक घेऊन, त्यात पुस्तकं घाला नाहीतर तांदूळ घाला. पळणं सुरू करताना एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला, वीस-पंचवीस मिनिटं, मध्ये एक दिवस सुट्टी. लाज वाटते म्हणतात लोक, ओळखीचे भेटतात रंकाळ्यावर. मग युनिव्हर्सिटीच्या आतल्या रस्त्यांना जावा, झाडी आहे. सकाळी पलंगावरनं उतरल्यावर पहिली पावलं कशी पडतात ते रोज बघायचं. किंचित दुखणं पळताना आलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गेलेलं असेल तर चालतंय. सकाळी पाय कालच्यापेक्षा जास्त आखडलेला असेल तर त्या दिवशी पळणं नाही, सायकल काढा.

सायकल दयाळू आहे. आपटणं नाही, वजन सीटवर, त्यामुळं दमाचं सगळं काम सुरुवातीचे तीन महिने सायकलवर आणि पाण्यात करून घ्यायचं आणि पळण्याला अगदी चिमूटभर ठेवायचं. गगनबावडा रोड बरा आहे, फक्त गळीत हंगामात ऊसाच्या ट्रॉल्यांना दहा हात लांबनं सलाम करा, मागनं बाहेर आलेला ऊस अंधारात दिसत नाही. टायर हाताने दाबून बाजूला चिरा बघा, पडल्या असतील तर टायर बदलायचेच, जुने शूज वरनं नवे दिसले तरी आतलं फोम कडक झालेलं असतं, हेल्मेट पडलेलं असेल तर नवीन घ्या. एवढं पुरे, गॅजेटवर बोलायला लागलो तर रात्र होईल. आणि सायकलवरनं उतरून लगेच पळायचं ते ब्रिक, त्याची घाई नको, एक किलोमीटरची मीटिंग पायांशी घडवली तरी बास.

आता पोहणं. इथं मात्र मला थोडं गंभीर बोलायचंय. कोल्हापूरकराला वाटतं पोहणं म्हणजे काय, आपण पाठीला डबा बांधून शिकलोय, विहिरीत मुटके मारलेत, पंचगंगेत पुलावरनं उड्या टाकल्यात. खरंय. हाताची स्टाईल अंगात राहते. पण शर्यतीतलं पाणी वेगळं. तिथं भिंत नाही, तळातली काळी रेघ नाही, शंभर माणसांचे हातपाय तोंडाजवळ. अमेरिकेतल्या ट्रायथलॉनचा १९८५ ते २०१६ चा अभ्यास आहे, त्यात मृत्यू आणि हृदय बंद पडून वाचवलेले असे १३५ जण सापडले, त्यातले ९० पोहताना. प्रमाण लाखात दोनाच्या आतच आहे, घाबरवायला सांगत नाहीये, पण त्यात पुरुष जास्त आणि सरासरी वय सत्तेचाळीसच्या जवळ, म्हणजे ह्या हॉलमधल्या पुढच्या तीन रांगा. काही जणांच्या हृदयात आधीपासून आजार होता जो माहीत नव्हता. म्हणून चाळिशीच्या पुढं असाल, मध्ये बरीच वर्षं गेली असतील, घरात कुणाला लवकर हार्टचा त्रास झाला असेल, बीपी-शुगर असेल, तर आधी डॉक्टरकडं जावा, ईसीजी आणि ते सांगतील तर स्ट्रेस टेस्ट. छातीत दाबल्यासारखं, चक्कर, नेहमीपेक्षा जास्त धाप, ह्यातलं काही झालं की थांबायचं, ‘पित्त असेल’ म्हणून सोडा पिऊन पुढं जायचं नाही. आणि तलावात एकट्यानं कधीच नाही. कंबरेला फुग्यासारखा बोया बांधा, काठावर माणूस ठेवा. शर्यतीत दम कोंडला तर पाठीवर उलटं व्हा, हात वर करा, होडीवाला येतो, होडी धरून थांबलात आणि पुढं ढकलून घेतलं नाही तर सहसा बाद करत नाहीत.

खाण्याचं थोडक्यात. लांब शर्यतीत तासाला ६० ते ९० ग्रॅम कार्ब, म्हणजे साखर-पिष्ट, पोटात जायला लागतात, आणि पोटालाही सवय मोडलेली असते, तिला पण सरावच लागतो. महागडं जेल घ्या हरकत नाही, पण साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, दोन्ही आतड्यातनं वेगवेगळ्या वाटेनं आत जातात म्हणून जास्त पचतं, आणि गूळ म्हणजे तरी मुख्य तीच साखर. सरावात गूळ-पाणी-मीठ करून बघा. आदल्या रात्री तांबडा-पांढरा? नाही. शर्यतीनंतर या, मी पण येतो.

कुठली शर्यत धरायची? स्प्रिंट. ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर पळणं. ‘एवढीच?’ म्हणून तोंड वाकडं करणारे मला दिसतायत. ७०.३ म्हणजे १.९ किलोमीटर पोहून, ९० सायकल मारून मग २१ पळायचं, साडेआठ तासांत, आणि त्यातलं २१ हे पोटरीचं काम. मी तरी सलग तीन महिने न दुखता आठवड्यात तीनदा पळणं झाल्याशिवाय त्याची फी भरू देत नाही. फी परत मिळत नाही म्हणून दुखऱ्या पायानं उतरलेले लई बघितलेत.

प्रश्न? हां, ताई, मागनं बोला. ...बाळंतपणानंतर कधी. चांगलं विचारलंत, हे सगळ्यांपुढं कुणी विचारत नाही. २०१९ ला ब्रिटनमधल्या फिजिओंनी मार्गदर्शक सूचना काढल्यात, त्यात पळणं तीन महिन्यांच्या आधी नाही असं स्पष्ट आहे, आणि तीन महिने झाले की सुटलात असंही नाही. अर्धा तास जोरात चालून काही त्रास नाही, एका पायावर उड्या मारून काही त्रास नाही, हे आधी बघायचं. उडी मारताना, शिंकताना लघवीचा थेंब जातो, खाली ओढल्यासारखं जड वाटतं, तर ते ‘बाळ झाल्यावर होतंच’ म्हणून सोडून द्यायचं नाही, ओटीपोटाखालच्या स्नायूंचे व्यायाम असतात, ते शिकवणारी फिजिओ गाठा. बाळ अंगावर पीत असेल तर पाजून निघा, पाणी जास्त प्या, झोप झाली नसेल त्या दिवशी सराव नाही. आणि रविवारची पहाटेची स्लॉट तुमची. नवरा पण सायकलवाला आहे म्हणता? मग तो दुपारी उन्हात जाईल, त्याला सांगा सरांनी सांगितलंय.