खडीला नदीची वाट

ही साहिबगंजची गंगा. झारखंडला गंगा लागते ती या एकाच जिल्ह्यात. मागे दिसतात त्या राजमहालच्या टेकड्या. काळा दगड, लाव्हाचा. आपल्या सह्याद्रीच्याच जातकुळीचा, पण वयाने जवळजवळ दुप्पट. याची खडी बिहार-बंगालमधल्या रस्त्यांना जाते.

जाते ती ट्रकने. हे ट्रक बघा, पलीकडच्या मनिहारीला जायला फेरीबोटीवर चढतायत. म्हणजे एवढी मोठी नदी नुसती ओलांडायची! याच पाण्यातून एकोणिसाव्या शतकात कोलकात्याहून अलाहाबादपर्यंत आगबोटी जात. रेल्वे आली आणि तो व्यापार आटला. 1986 मध्ये हल्दिया ते अलाहाबाद हा 1620 किलोमीटरचा राष्ट्रीय जलमार्ग जाहीर झाला खरा, पण माल चढवायला धड धक्का नसेल तर व्यापारी नदीकडे वळणार कसे?

एप्रिल 2017 मध्ये इथे अशाच मालवाहू धक्क्याची पायाभरणी झाली.

गंगाकाठ म्हणजे गाळ आणि वाळू. पावसाळ्यात पाणी काही मीटर चढतं, उन्हाळ्यात पात्र मागे सरतं. अशा ठिकाणी धक्का पाइलवरच, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या काँक्रीटच्या खांबांवरच पेलावा लागतो. पोलादी नळा उतरवायचा, आतला गाळ रिगने, म्हणजे खोदयंत्राने काढायचा, सळयांचा पिंजरा सोडायचा. मग लांब पाइपाने काँक्रीट थेट तळाशी. ते खालून भरत येतं आणि आतलं पाणी वर ढकलतं. पाइल पूर्ण भरेपर्यंत ओतणं थांबवायचं नाही, रात्र झाली तरी. मध्ये खंड पडला तर पाइल तिथेच कच्चा. अशा पाइलांच्या रांगा, त्यांवर तुळया, तुळयांवर स्लॅब.

हा तयार धक्का: 270 मीटर लांब, 25 मीटर रुंद. एका वेळी दोन जहाजं लागतात. मागे खडी-कोळशाचं आवार, तिथून निघालेला कन्व्हेयर पट्टा आणि टोकाला बार्ज, म्हणजे सपाट तळाची मालवाहू जहाजं, भरणारं यंत्र. वर्षाला 30 लाख टनांची क्षमता. 12 सप्टेंबर 2019 रोजी पंतप्रधानांनी रांचीहून उद्घाटन केलं.

जमीन गेलेल्या कुटुंबांचं पुनर्वसन आणि गंगेतले डॉल्फिन, हेही याच प्रकल्पाच्या हिशेबात येतं.

एक अश्वशक्ती रस्त्यावर 150 किलो माल ओढते, रुळांवर 500, पाण्यावर 4000. म्हणून हा धक्का चालायलाच हवा. पण गंगा दर पुरात नवा गाळ टाकते. बिहारमधल्या बाढ गावापासून हल्दियापर्यंत 3 मीटर खोली राखायचं ठरलंय. ती सतत उपसा करूनच टिकेल. आणि खाणवाले ट्रक सोडतील ते बार्ज ठरल्या दिवशी सुटायला लागली, तरच.